अधिक महिना कोणाच्या पाळीत?

१७ जुलै २०२३, सोमवार, आषाढाची अमावस्या. दुसऱ्या दिवशी अधिक श्रावण लागला आणि आक्का कोणाच्याच पाळीत उरली नाही.

आक्का माझी सख्खी मोठी मावशी. तेव्हा तिचं वय कागदावर ७६ होतं, तिच्या स्वतःच्या हिशेबाने दोन-तीन वर्षं जास्तच. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तिचं सासर. मी समाजकार्य शिकले, गेली चौदा वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या प्रश्नांवर काम करते, दर महिन्याला कोणाच्या तरी घरी जाऊन त्यांची राहण्याची सोय कशी आहे ते लिहून घेते. तरी आक्काचं तिघा मुलांच्या घरी पाळीपाळीने राहणं दहा वर्षं डोळ्यांसमोर चाललेलं असताना मला त्यात लिहून घेण्यासारखं काही दिसलं नव्हतं. ती पोरांकडे राहते, पोरं सांभाळतात, एवढंच मी धरून चालले होते. ती चूक मला फार लागली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आक्काला आणि तिच्या मुलांना विचारूनच लिहिते. नावं आणि गाव देत नाही.

वाटणी

काका २०१३ च्या उन्हाळ्यात गेले. दुष्काळाचं वर्ष होतं, जनावरं छावणीत होती. मागे जिरायत सहा एकर, एक विहीर, गावठाणातलं जुनं घर आणि शेतातली वस्ती. तीन मुलगे, एक मुलगी. थोरला गावात शेती करतो. मधला नवी मुंबईच्या बाजार समितीत माथाडी, घर कोपरखैरण्याला. धाकटा गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. आमच्या खानापूर-आटपाडीकडची पोरं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर गेलेली आहेत, तसाच तोही सोळाव्या वर्षी गेला.

काकांच्या मागे वारसनोंद झाली आणि सातबारावर पाच नावं चढली: आक्का, तिघं मुलगे आणि लेक. पुढच्या वर्षी विट्याला जाऊन आक्का आणि लेक या दोघींनी हक्कसोडपत्र करून दिलं. लेकीने सही केली, आक्काने अंगठा दिला. सहा एकर तिघांत दोन-दोन एकर झाली. "आईला तिघं पाळीनं सांभाळू," हे सोप्यावर बसून चार माणसांसमोर ठरलं, पण त्यातलं एक अक्षर हक्कसोडपत्रात आलं नाही. आलं पाहिजे असं कोणाच्या मनातही नव्हतं. मी त्या दिवशी तिथे होते. माझ्याही मनात नव्हतं.

खरं तर आमच्याच भागात जुन्या वाटण्यांत म्हातारा-म्हातारी आपला एक वाटा राखून ठेवत. जो सांभाळील तो तो वाटा कसेल, अशी रीत होती. चारजण वाटेकरी असले तर जमिनीचे पाच भाग पडायचे. जमिनी तुकड्यांवर आल्या आणि ही रीत विरत गेली. युरोपातल्या शेतकऱ्यांनी हीच गोष्ट शेकडो वर्षं कागदावर आणली होती. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या खेड्यांत बाप मुलाच्या नावे शेत करून देताना आधी करार करायचा: मरेपर्यंत राहायला अमुक खोली, इतकं धान्य, इतकं दूध, इतकी अंडी, इतकं सरपण. त्याला 'आल्टेनटाइल' म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्यांचा वाटा. नॉर्वेत यासाठी मुख्य घराशेजारी वेगळं छोटं घर बांधायची पद्धत आहे आणि तशी घरं आजही दिसतात. पोटच्या पोराशी अंड्यांचा हिशेब लिहून ठेवणं आपल्याला कोरडं वाटतं. मला पूर्वी वाटायचं. आक्काच्या अधिक महिन्यानंतर वाटेनासं झालं.

तीन घरं

एकाच गावात भाऊ असले तर पाळी महिन्याची असते. आक्काची मुलं तीन मुलखांत, म्हणून सणावर बांधली. गुढीपाडवा ते नागपंचमी थोरल्याकडे, नागपंचमी ते दिवाळी मधल्याकडे, दिवाळी ते पाडवा धाकट्याकडे. दिवाळीला गलाईवाले गावी येतात, तेव्हा जाताना तो आईला घेऊन जायचा आणि चैत्रातल्या जत्रेला येताना सोडायचा. ठरवताना हे सगळ्यांना सोयीचं वाटलं.

आक्काचं सामान एका पिशवीत मावायचं. दोन लुगडी, एक वाकळ, चंची, गोळ्यांचा डबा, काकांचा एक फोटो. ती पिशवी ती कुठल्याच घरी पूर्ण रिकामी करायची नाही. मी एकदा कोपरखैरण्याला गेले होते तेव्हा वाकळ तेवढी बाहेर होती, बाकी सगळं पिशवीत, पिशवी खाटेखाली. मी म्हटलं, "आक्का, कपाटात ठेव की." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. निघताना शोधत बसाय नगं."

त्या घराबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही. माथाडी वसाहतीतलं लहान घर, वर एक मजला चढवलेला, वर जायला बाहेरून लोखंडी जिना. खाली दोन भाडेकरू, वर हे पाचजण. आक्काला जिना उतरता येत नव्हता, म्हणून नागपंचमीला वर गेलेली आक्का दिवाळीलाच खाली यायची. कोइमतूरला घर ऐसपैस, पण धाकट्याची मुलं शाळेतून येऊन तमिळमध्ये बोलायची, सून दिवसभर दुकानात मदतीला, आणि शेजारीपाजारी कोणाशी बोलायची सोय नाही. तिथून आली की आक्का पहिले आठ दिवस सारखी बोलत सुटायची. थोरल्याच्या वस्तीवर माणसं आपली, भाषा आपली, पण वस्ती गावापासून दोन किलोमीटर. देऊळ लांब, बरोबरीच्या बायका लांब.

सगळ्यात मोठी हेळसांड औषधांची झाली, आणि ती कोणी मुद्दाम केली नाही. आक्काला रक्तदाब आणि साखर दोन्ही. तीन घरी तीन डॉक्टर. २०२१ च्या पाडव्याला ती गावी आली तेव्हा पाय सुजलेले, उठताना चक्कर. पाहिलं तर रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने रोज दोनदा पोटात जात होती. एक कोइमतूरची, एक कोपरखैरण्याची उरलेली. तिला वाचता येत नाही. प्रत्येक सुनेने आपल्या डॉक्टरची गोळी नीट, वेळेवर दिली होती.

आणि जेवण. पाळीवरच्या म्हातारीच्या जेवणाविषयी कोणी लिहीत नाही, कारण ताट तर मिळत असतं. मधल्याकडे रात्री साडेदहाला जेवायचे, आक्काला सात वाजता भूक. धाकट्याकडे भात. थोरल्याकडे सून पहाटे भाकरी थापून रानात जायची, ती गार भाकरी दुपारी. आक्काला दात चारच. ती कुठेही "मला गरम दे" म्हणाली नाही. तिचं म्हणणं असं की चार महिन्यांच्या पाव्हण्यानं सवयी सांगू नयेत.

तैवानात आणि चीनच्या खेड्यांतही आईवडिलांनी मुलांच्या घरी आळीपाळीने जेवायची अशीच पद्धत आहे. तिथेही मुलगे वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या की म्हाताऱ्यांचं ताट फिरू लागतं. जमीन समान वाटायची म्हटली की आईबापांचा भारही समान वाटावा लागतो, या हिशेबातूनच ही पद्धत दोन्हीकडे आली असावी. हिशेब भावाभावांत न्याय करतो. ज्याची पाळी लावतात त्या माणसाचं काय होतं ते त्यात कुठेच धरलेलं नसतं.

अधिक श्रावण

चांद्र महिन्यांवर बांधलेल्या पाळीत दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा येतो. २०१५ चा आषाढ, २०१८ चा ज्येष्ठ, २०२० चा आश्विन, असे आधीचे अधिक महिने कोणाच्या ना कोणाच्या पाळीत गेले आणि कुरबुरीवर निभावले. २०२३ चा अधिक श्रावण मात्र बरोबर शिवेवर आला. पाडवा २२ मार्चला होता. आषाढ संपला तेव्हा थोरल्याचे चार महिने भरत आले होते. नागपंचमी निज श्रावणातली, २१ ऑगस्टला.

थोरली सून म्हणाली, "चार म्हयने म्हणायचं आन् पाच करायचं, ते बी दर येळी आमीच." तिची बाजू मी इथे लिहिलीच पाहिजे. गावात असल्यामुळे दवाखाना, बँक, तहसील, सगळं तिच्याच अंगावर. मधल्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून पंधरा दिवस, धाकट्याचं दुकान हललं म्हणून वीस दिवस, असं दहा वर्षांत तिने किती काढलं याची नोंद नाही. मधला फोनवर म्हणाला, पाळी नागपंचमीला बदलते, नागपंचमी आली की गाडी घेऊन येतो. त्याचा मुलगा बारावीला. दोघंही आपापल्या जागी चुकीचे नव्हते, आणि हे बोलणं आक्का पडवीत बसून ऐकत होती.

ती चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी पिशवी घेतली, शाळेला निघालेल्या नातवाच्या सायकलीला ती अडकवली आणि त्याच्याबरोबर चालत गावात आली. गावठाणातलं जुनं घर सहा वर्षं बंद होतं. मागचा निम्मा भाग पडलेला, पुढचा सोपा आणि एक खोली शाबूत. तिथे तिने तीन दगड मांडले. शेजारणीने पीठ आणि एक तवा दिला. अकरा दिवस आक्का तिथे राहिली. थोरला रोज संध्याकाळी येऊन "चल" म्हणायचा, ती "नागपंचमीला जाते मधल्याकडं" म्हणायची.

बाराव्या दिवशी लेकीला कळलं, तिने मला फोन केला, आम्ही दोघी गेलो. मी वाटेत मनात तयारी केली होती की काय-काय बघावं लागेल. आक्का चुलीपुढे बसली होती. चेहरा धुराने काळवंडलेला, पण बरा दिसत होता. लेक रडायला लागली. आक्का तिला म्हणाली, "रडतीस कशाला? अकरा दिस मी माज्या हातची भाकरी खाल्ली. गरम. भूक लागंल तवा."

हे वाक्य मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली. महिना धोंड्याचा होता. ज्या महिन्यात लेक-जावई माहेरी जेवायला यायचे, त्याच महिन्यात आई लेकीच्या दारी आली, याचं आक्काला फार वाटलं. पहिले दोन दिवस ती तिथे नीट जेवलीच नाही. लेकीचा हक्क आपण सोडायला लावला आणि भार तिच्यावर टाकला, हे तिने मला एकदाच बोलून दाखवलं, पुन्हा नाही.

कायद्याचा रस्ता

मी तिला सगळं समजावून सांगितलं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता लावता येतो. त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. अडचण 'अटीवर' या शब्दात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या हक्कसोडपत्राच्याच प्रकरणात सांगितलं की अशी अट होती हे दाखवता आलं नाही तर कलम २३ लागत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलं, पण तिथे मुलाने सांभाळण्याचं वेगळं लेखी वचन दिलेलं होतं. आक्काकडे सोप्यावरचं बोलणं होतं.

शिवाय ती म्हणाली, "पोरांवर अर्ज? मग ह्या गावात मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" मी आग्रह केला नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना तो करायला हवा होता असं वाटतं. ज्या घरात मारहाण आहे, उपासमार आहे, तिथे मी स्वतः अर्ज लिहून देते. इथे माणसं वाईट नव्हती, मांडणी वाईट होती.

गौरी-गणपतीला तिघं गावी आले. जुन्या सोप्यावर बसलो. मी सुरुवातीला एकच गोष्ट केली: तिघांना गप्प बसवून आक्काला विचारलं, तुला कुठे राहायचंय? काका गेल्यापासून दहा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, मीही नाही. ती म्हणाली, "हितं. माजी चूल हितं मांडून द्या. तुमी समदे हितं या."

धाकटा म्हणाला, लोक काय म्हणतील, तीन पोरं असून आई एकटी राहते. या वाक्यापाशी बैठक दोन तास अडली. शेवटी थोरल्या सुनेनेच ती सोडवली. ती म्हणाली, "दोन किलोमीटरवर मी हाय की. एकटी कशी?"

कोणत्या रकान्यात लिहायचं

माझ्या कामातला खरा पेच इथे आहे. आपल्या जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. गणक येईल त्या वेळी आक्का ज्या घरी असेल, त्या चुलीवर ती धरली जाणार: 'मुलासोबत राहते'. जगभरातल्या म्हाताऱ्यांच्या राहणीचे तक्ते अशाच रकान्यांवर उभे असतात: एकटे, जोडीदारासोबत, मुलांसोबत. भारतात २०१७-१८ च्या मोठ्या पाहणीत साठीपुढची सुमारे ६ टक्के माणसं एकटी राहताना दिसली. जपानमध्ये १९८० साली पासष्टीपुढचं माणूस असलेल्या घरांपैकी निम्मी घरं तीन पिढ्यांची होती, आता ती दहा टक्क्यांहून कमी आहेत. असे आकडे वाचताना आपण नकळत 'मुलांसोबत' म्हणजे बरं आणि 'एकटे' म्हणजे वाईट असं वाचतो. मी तसंच वाचत आले.

रेशनकार्डावर तर आक्का आधीपासूनच एकटी होती. श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी थोरल्याने तिचं कार्ड वेगळं करून घेतलं होतं. म्हणजे सरकारी कागदावर एकटी, गणकाच्या यादीत मुलासोबत, आणि खरं म्हणजे तीन घरांची पाव्हणी. तिचं महिन्याचं पाच किलो धान्य देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून मिळालं असतं, हे कोपरखैरण्यात कोणाला माहीत नव्हतं.

लिओपोल्ड रोझनमायर आणि एफा क्योकाइस या ऑस्ट्रियातल्या समाजशास्त्रज्ञांनी साठच्या दशकात म्हाताऱ्यांच्या मनातली इच्छा तीन-चार शब्दांत पकडली होती: अंतर राखून जिव्हाळा. जपानी लोक म्हणतात, सूप गार होणार नाही इतक्या अंतरावर मुलं असावीत. थोरलीची वस्ती दोन किलोमीटरवर आहे. नातू सायकलवरून कालवणाचा डबा आणतो, तो गरमच असतो.

आत्ता

आमच्या समजुतीच्या कागदावर तिघा मुलांच्या, लेकीच्या आणि सुनांच्याही सह्या आहेत. हा कागद न्यायालयात किती टिकेल याचा भरवसा मी कोणाला दिलेला नाही, पण सोप्यावरच्या बोलण्यापेक्षा तो बरा. खोलीवर नवा पत्रा आणि संडास-मोरी तिघांच्या खर्चाने. थोरल्याकडून वर्षाला दोन पोती शाळू, वीज आणि पाणी. मधला आणि धाकटा महिन्याला प्रत्येकी १,५०० रुपये आक्काच्या खात्यात टाकतात, गॅस धाकट्याकडे, औषधं मधल्याकडे. डॉक्टर एकच, गावाजवळचा. पासबुक आक्काच्या पेटीत. ती पिशवी आता खुंटीला रिकामी असते.

सगळं सुरळीत आहे असं नाही. मधल्याचे पैसे दोन-दोन महिने अडकतात. २०२४ च्या पावसाळ्यात तिला रात्री ताप चढला आणि सकाळी दहापर्यंत कोणाला कळलं नाही. तेव्हापासून शेजारणीने एक खूण ठरवली आहे: सात वाजेपर्यंत आक्काच्या दारात सडा पडलेला दिसला नाही तर दार वाजवायचं. रात्री नातू सोप्यावर झोपतो, पण तो पुढच्या वर्षी विट्याला कॉलेजला जाईल. आणि हात चालेनासे झाले, तवा उचलवेना, की काय? त्यावर आम्ही दोनदा बसलो, दोन्हीदा लेक म्हणाली माझ्याकडे, आणि आक्का म्हणाली थोरलीकडे. हे अजून ठरलेलं नाही. कागदात त्यासाठी जागा मोकळी सोडली आहे.

एक ओळ मात्र आक्काने स्वतः सांगून घातली. मी लिहीत होते, ती बोटाने कागदावर टकटक करत होती. 'अधिक महिना आला तर आई कोणाकडेही जाणार नाही. लेक-जावई आईकडे येतील.' पुढचा अधिक ज्येष्ठ १७ मे २०२६ ला लागतो. आक्काने जावयासाठी तेहतीस अनारशांचे तांदूळ कोणत्या दुकानातून आणायचे ते मला आत्ताच सांगून ठेवलंय, आणि गूळ जुनाच हवा, असंही.